उस्तादाचा हिशेब

क्लिंट ईस्टवुडने दिग्दर्शित केलेला आणि नायक म्हणूनही पेललेला ‘हार्टब्रेक रिज’ हा चित्रपट १९८६ साली आला. टॉम हायवे हा अमेरिकेच्या मरीन कोअरमधला गनरी सार्जंट. तरुणपणी कोरियात लढला, मेडल ऑफ ऑनर मिळवलं, पुढे व्हिएतनाम भोगलं आणि आता निवृत्तीला टेकला आहे. बायको सोडून गेलेली, दारू आणि मारामारीपायी कोठडीची हवा खाऊन झालेली. त्याच्या हाती रेकॉन प्लाटूनमधली उडाणटप्पू पोरं दिली जातात. तो त्यांना रगडतो, घडवतो आणि १९८३च्या ऑक्टोबरात हीच पोरं ग्रेनाडा बेटावर उतरतात. हा साचा हॉलिवूडला नवा नव्हता. १९४९च्या ‘सँड्स ऑफ इवो जिमा’मध्ये जॉन वेनने सार्जंट स्ट्रायकर उभा केला होता आणि ईस्टवुडनंतर वर्षभरातच स्टॅन्ले कुब्रिकच्या ‘फुल मेटल जॅकेट’ने हा साचा मोडून दाखवला.

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सेवेतली काही वर्षं बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये ते नव्या भरतीच्या मुलांचे उस्ताद होते. मी शाळेत शिकवते. हायवे हा मामांचा आवडता माणूस आणि मला तो झेपत नाही. आमचा वाद सिनेमापुरता राहिला नाही. दुसऱ्याचं पोर ज्याच्या हाती सोपवलं आहे, त्याने किती कडक व्हावं आणि त्याचा जाब त्याला कुणी विचारावा, इथवर तो येऊन पोचला. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून आमचं बोलणं इथे मांडते आहे.

मी : मामा, मला सुरुवातीपासूनच खटकतं ते सांगते. हायवे येतो तो शिव्या देत. पोरांच्या आवडीनिवडीचा, दिसण्याचा, चालण्याचा अपमान करतो. स्वीड नावाचा धिप्पाड गडी कोठडीतून सुटून येतो, तर त्याला सगळ्यांदेखत लोळवतो. मग प्लाटून सुतासारखी सरळ. यातून पोरं काय शिकली? ज्याचा हात भारी, त्याचं ऐकायचं.

मामा : तू मारामारी धरून बसलीस. मी आधी प्लाटूनची अवस्था बघतो. ती पोरं कच्ची रंगरूट नव्हेत, हे लक्षात घे. ट्रेनिंग होऊन पलटणीत आलेली आहेत. मधे त्यांना कुणी विचारलंच नाही. आधीचा सार्जंट निवृत्तीचे दिवस मोजत बसला आणि पोरांनी हातपाय पसरले. रंगरूट घडवणं सोपं असतं. एकदा सैल पडलेली प्लाटून परत आवळणं महाकठीण. आणि ही रेकॉन प्लाटून आहे. सगळ्यांच्या पुढे जाऊन शत्रूचा माग काढणारी. तिथे सैल माणूस स्वतः तर मरतोच, मागच्यांनाही घेऊन मरतो.

मी : धोका मला कळतो. पण धोका आहे म्हणून काहीही चालेल का? टी-शर्टचा प्रसंग घ्या. सकाळी हायवे म्हणतो, सगळ्यांचे टी-शर्ट माझ्यासारखे हवेत. आज त्याने कोणता घातला असेल, हे पोरांना कळायला मार्ग नाही. जुळला नाही की काढायला लावून उघड्याने पळवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या नियमाला कारणच नाही. कारण नसलेला नियम म्हणजे फक्त ‘मी मालक आहे’ हे ठसवणं.

मामा : कारण आहे. उद्या काय होणार हे तुला माहीत नसणार, हे तो शिकवतो आहे. शत्रू वेळापत्रक लावून येत नाही. शिवाय पोरांनी एकत्र बसून डोकं लढवावं, एकाने खबर काढावी, दुसऱ्याने सगळ्यांना सांगावी, असं त्याला हवंय. रेकॉनचं कामच ते.

मी : हे तुम्ही सांगितलंत. हायवेने पोरांना कधी सांगितलं?

मामा : उस्ताद सगळं पहिल्याच दिवशी सांगत नाही.

मी : मग कधी सांगतो? तुम्ही सांगत होतात का?

मामा : ऐक. सकाळच्या फॉलिनला मी प्रत्येकाची पाण्याची बाटली कानाजवळ धरून हलवायचो. आवाज आला, म्हणजे बाटली भरलेली नाही, की त्याचा अख्खा सेक्शन मैदानाला चक्कर. पोरांना राग यायचा. घोटभर पाणी कमी आहे म्हणून दहाजण पळतात, हा कुठला न्याय? मी बोलायचो नाही. मग रात्रीच्या मार्चचा दिवस यायचा. अर्धा सेक्शन मी झाडीत पालथा झोपवायचो. उरलेल्या अर्ध्यांना सांगायचो, बाटलीतलं थोडं थोडं पाणी प्या आणि यांच्या समोरून गुपचूप जा. मिट्ट अंधार. माणूस दिसायचा नाही, बुटाचा आवाजही फारसा नाही, पण डबक, डबक, डबक, बाटल्या वाजत जायच्या. झोपलेली पोरं बोट दाखवून सांगायची, आता इथे आहेत, आता तिथे. त्यानंतर बाटलीसाठी कुणाला पळवावं लागलं नाही. मी सोडून दुसराच कुणी उस्ताद आला, तरी बाटल्या भरलेल्या असायच्या.

मी : हेच तर! तुमच्या कडकपणाच्या मागे रात्रीचा तो मार्च होता. आधी पोरं रागावली, पण कारण त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हायवेच्या टी-शर्टपाशी तसा मार्च येत नाही.

मामा : एके-४७ पाशी येतो की. शत्रूची रायफल आणून तो पोरांच्या अंगावरून खऱ्या गोळ्या झाडतो. म्हणतो, हा आवाज लक्षात ठेवा. पोरं घाबरून आडवी होतात. पहिल्यांदा डोक्यावरून फायर गेला की माणसाचं डोकं बंद पडतं. भला तगडा गडी असला तरी. ते बंद पडणं रणांगणात व्हायच्या आत मैदानात होऊन जावं, म्हणून हे करायचं. आमच्याकडेही करतात. बॅटल इनॉक्युलेशन म्हणतात त्याला.

मी : तुमच्याकडेही मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिथे झाडतात?

मामा : छे. तिथे हद्द आखलेली असते. मशीनगन अशी बसवतात की नळी ठरलेल्या उंचीच्या खाली येऊच शकत नाही. लाल झेंडे लागतात, रेंजवर अधिकारी हजर असतो, अँब्युलन्स उभी असते. हायवेने केलं तसं मी केलं असतं तर माझं कोर्ट मार्शल झालं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. सिनेमावाल्यांनी झेंडे आणि अँब्युलन्स काढून टाकली. त्याशिवाय हिरो उठून दिसत नाही.

मी : मामा, झेंडे आणि अँब्युलन्स काढल्यावर काय होतं, ते खऱ्या मरीन कोअरमध्ये घडून गेलं आहे. साऊथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर मरीनचं ट्रेनिंग सेंटर आहे. ८ एप्रिल १९५६, रविवारची रात्र. मॅथ्यू मॅक्किऑन नावाच्या स्टाफ सार्जंटला वाटलं की आपली प्लाटून ७१ ढिली पडली आहे. शिस्त लावायची म्हणून तो पोरांना अंधारात बराकीतून काढून दलदलीत घेऊन गेला आणि रिबन क्रीक नावाच्या खाडीत उतरवलं. पाणी एकदम खोल झालं, अंधारात गोंधळ उडाला आणि सहा पोरं बुडाली. लढाई नाही, शत्रू नाही. शिस्तीपायी सहा जणांचा जीव गेला.

मामा : ही गोष्ट मला ठाऊक आहे. तो स्वतः सगळ्यांच्या पुढे पाण्यात होता, हेही सांग.

मी : होता. आणि खटल्यात चेस्टी पुलरसारखा नावाजलेला निवृत्त जनरल साक्षीला उभा राहिला. सदोष मनुष्यवधाच्या मोठ्या आरोपातून मॅक्किऑन सुटला. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याबद्दल आणि दारूबद्दल दोषी ठरला. शिक्षा पुढे कमी झाली, हुद्दा मात्र गेला, साधा प्रायव्हेट म्हणून राहिला. तो राक्षस होता असं मला म्हणायचं नाही. तो हायवेच होता. फरक एवढाच की हायवेची पटकथा कुणीतरी लिहिलेली आहे, त्यामुळे त्याच्या हातून ट्रेनिंगमध्ये कुणी मरत नाही.

मामा : भरती-ओहोटी न बघता, तळ न चाचपता रात्री पोरं पाण्यात घालणारा कडक नसतो, बेफिकीर असतो. स्वतः पुढे चालला म्हणून ते माफ होत नाही. बरोबर उतरणं वेगळं आणि आधी एकट्याने जाऊन बघून येणं वेगळं. दुसरं काम उस्तादाचं. पण रिबन क्रीकनंतर मरीन कोअरने काय केलं? कडक ट्रेनिंग बंद केलं का? नाही. ट्रेनिंगवर ब्रिगेडिअर जनरलच्या हुद्द्याचा माणूस बसवला, ड्रिल इन्स्ट्रक्टरांवर देखरेख वाढवली, त्यांची निवड काटेकोर केली. वर बसून बघणारा माणूस आणला. कडकपणा ठेवला.

मी : हे मला मान्य आहे आणि चित्रपटाबद्दलची माझी मोठी तक्रार इथेच आहे. हायवेच्या वर कोण आहे? मेजर पॉवर्स. तो रसदीच्या खात्यातून आलेला, लढाई न पाहिलेला, नियमांचा बाऊ करणारा. चित्रपटाने त्याला हास्यास्पद करून टाकलंय. म्हणजे सार्जंटवर नजर ठेवणारा जो कुणी, तो मूर्ख आणि मत्सरी. प्रेक्षक घरी जातो तो हे मनात घेऊन की खऱ्या माणसाला मोकळं सोडा, वरच्यांनी नाक खुपसू नये. रिबन क्रीकने शिकवलं होतं ते याच्या बरोबर उलट.

मामा : पॉवर्सचं पात्र एकांगी आहे, कबूल. तरीपण त्याच्यातली खरी खोट तू सोडून दिलीस. दरवर्षीच्या सरावात हायवेच्या प्लाटूनने ठरलेल्या जागी जायचं, तिथे पॉवर्सच्या लाडक्या प्लाटूनने दबा धरायचा आणि हिला हरवायचं, असं आधीच लिहून ठेवलेलं. दरवर्षी तेच. हायवे पोरांना त्या जागी नेतच नाही. वेगळ्या वाटेने जाऊन दबा धरणाऱ्यांनाच गाठतो. पॉवर्सचा संताप होतो. मला विचारशील तर सगळ्या चित्रपटाचा जीव या प्रसंगात आहे. आपली प्लाटून जिंकणार हे ज्याला आधीच माहीत असतं, तो सराव करत नसतो, दिखावा करत असतो. असे अधिकारी सगळ्या फौजांत असतात. हायवे पोरांना हुकूम पाळायला शिकवतो हे अर्धंच. परिस्थिती बदलली की आपणही बदलायचं, नसेल त्यावर भागवायचं आणि काम तडीस न्यायचं, हे तो शिकवतो. पुढे ग्रेनाडात संपर्क तुटतो, तर त्याची पोरं साध्या टेलिफोनवरून क्रेडिट कार्ड वापरून थेट अमेरिकेतल्या तळावर फोन लावतात आणि हवाई मदत मागवतात. मारून-मुटकून गप्प केलेल्या पोराला हे सुचेल का?

मी : नाही सुचणार. इथे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बारकाईने पाहिलंत.

मामा : सिनेमातलं राहू दे, आपल्याच रेजिमेंटमधलं सांगतो. नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. ९ एप्रिल १९४५, इटलीत सेनिओ नदीचा काठ. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्याचं काम. हल्ल्यात त्यांच्याबरोबरचे जवळजवळ सगळे पडले. हुकूम द्यायला कुणी उरलं नाही. त्यांनी दोन जखमींना एकामागून एक उचलून नदी आणि सुरुंगांचा पट्टा ओलांडून मागे आणलं. मग परत गेले. एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या मोडल्या. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा हातबाँब फेकले. शेवटी बंधाऱ्यावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आता सांग, त्या क्षणी उस्ताद कुठे होता? कुठेच नव्हता. उस्तादाने काय शिकवलं, ते उस्ताद नसतानाच कळतं.

मी : हे माप मला पटतं. आता त्याच मापाने ‘फुल मेटल जॅकेट’ मोजा. सार्जंट हार्टमनचं काम करणारा आर. ली अर्मी स्वतः मरीनचा ड्रिल इन्स्ट्रक्टर होता. कुब्रिकने त्याला सल्लागार म्हणून घेतलं आणि मग ती भूमिकाच त्याच्याकडे गेली. म्हणून तिथली भाषा आणि आवाज अस्सल आहे. तिथे पाइल नावाचा जाडा, मंद पोरगा आहे. तो पेटीत डोनट लपवतो. हार्टमन शिक्षा त्याला देत नाही, बाकी सगळ्यांना देतो. रात्री तीच पोरं टॉवेलमध्ये साबणाच्या वड्या बांधून पाइलला झोडपतात. त्यानंतर पाइलचं डोकं फिरतं, आणि ट्रेनिंग संपल्याच्या रात्री तो हार्टमनला गोळी घालून स्वतःलाही संपवतो. तुमच्या बाटलीच्या शिक्षेत आणि याच्यात फरक काय? एकाची चूक, दहाजणांना शिक्षा, दोन्हीकडे तेच.

मामा : फरक मोठा आहे आणि हार्टमनची चूक नेमकी तिथेच आहे. बाकीची पोरं जमिनीवर जोर काढत असतात आणि पाइल उभा राहून डोनट खात असतो. त्याने चुकलेल्याला शिक्षेतून बाहेर काढलं आणि उरलेल्यांच्या समोर उभं केलं. त्याच क्षणी तो त्यांच्यातला राहिला नाही, शिकार झाला. आमच्याकडे ज्याची बाटली वाजली तो सगळ्यात पुढे पळायचा, त्याच्या मागे त्याचा सेक्शन आणि बहुतेक वेळा बाजूने मी. एकत्र रगडा खाल्लेली माणसं एकमेकांची होतात. एकाला वगळून रगडा दिलास, तर उरलेली नऊ त्याचे वैरी होतात.

मी : पण बराकीत रात्री काय होतं, हे उस्तादाला कसं कळणार? तुमच्यासारखा उस्तादही दिवे गेल्यावर तिथे नसतो. ज्याच्यामुळे सगळे पळाले, त्याच्यावर राग निघणारच. अशी शिक्षा देणाऱ्याने रात्रीची जबाबदारीही घ्यायला हवी.

मामा : घ्यायलाच हवी. सकाळी पोराच्या चेहऱ्यावर दिसतं. नजर वर करत नाही, जेवणाच्या रांगेत शेवटी उभा राहतो, मेसमध्ये एकटा बसतो. ज्याला हे दिसत नाही त्याने उस्ताद होऊ नये.

मी : मग हायवे कसा वाटतो? त्याला दिसतं का?

मामा : दिसतं. अपॉन्टे नावाचा पोरगा ड्यूटी सोडून गायब होतो. हायवे त्याच्या मागावर जातो तेव्हा कळतं की घरी बायको-पोरं आहेत आणि पगारात भागत नाही. हायवे त्याला मदत करतो. ओरडतो तोही तोच आणि घरी जाऊन बघतो तोही तोच. म्हणून मला तो जवळचा वाटतो. बायकोचं मन कळावं म्हणून हा माणूस बायकांची मासिकं वाचत बसतो. लोक हसतात. मला त्यात एक म्हातारा शिपाई दिसतो, जो त्या वयातही शिकायला तयार आहे.

मी : ते मलाही भिडतं. पण त्याच माणसाने ग्रेनाडात काय केलं ते बघा. जखमी होऊन पडलेल्या क्युबन सैनिकाला तो गोळी घालतो आणि त्याच्या खिशातला सिगार काढून घेतो. चित्रपट तिथे थांबतसुद्धा नाही. अमेरिकी लष्कराने आधीच या चित्रपटाला मदत नाकारली होती. मरीननी चित्रीकरणाला मदत केली, पण तयार चित्रपट पाहिल्यावर संरक्षण खात्याने पाठिंबा काढून घेतला. शिव्यांबरोबर हा प्रसंगही त्याचं कारण होता.

मामा : त्याबाबतीत हायवेची बाजू मी घेणार नाही. शत्रू जखमी होऊन पडला, त्याच्या हातून शस्त्र सुटलं, की तो कैदी. त्याला पाणी द्यायचं, पट्टी बांधायची, मागे पाठवायचं. हे आम्ही रंगरूटाला बंदूक देतानाच शिकवतो, कारण बंदूक हातात आल्यावर शिकवायला उशीर झालेला असतो. आणि मागे प्लाटूनची पोरं बघत असताना सार्जंटने असं केलं, म्हणजे तोही एक धडाच झाला. पोरं बोललेलं विसरतात, केलेलं उचलतात. आधीच्या सगळ्या मेहनतीवर त्याने तिथे पाणी ओतलं.

मी : आणि लढाई कसली निवडली, तेही बघा. चित्रपटाचं नाव कोरियातल्या डोंगराचं. १९५१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात महिनाभर त्या कड्यासाठी माणसं मेली, दोन्ही बाजूंची, हजारोंनी. चित्रपटात कोरिया दिसतो तो सुरुवातीच्या श्रेयनामावलीमागे, कृष्णधवल चित्रफितींत. शेवटची परीक्षा मात्र ग्रेनाडात. ३४४ चौरस किलोमीटरचं बेट, सुमारे लाखभर वस्ती, तिथे जगातली सगळ्यात बलाढ्य फौज उतरली. अमेरिकेचे १९ सैनिक गेले. मनोरुग्णालयावर चुकून बॉम्ब पडून तिथले रुग्ण मेले, ते चित्रपटात नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०८ देशांनी या कारवाईचा निषेध केला, तेही नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना सोडवण्याचं काम प्रत्यक्षात आर्मी रेंजर्सचं, ते चित्रपटाने हायवेच्या मरीनना देऊन टाकलं. सोपा पेपर काढून मुलांना पहिल्या वर्गात पास केल्यासारखं हे आहे.

मामा : पेपर लहान होता, पण गोळी लहान-मोठी नसते. त्याच्या प्लाटूनमधला प्रोफाइल नावाचा पोरगा मरतो. त्या पोराच्या आईला ग्रेनाडा लहान होतं हे सांगून काय उपयोग?

मी : बरोबर, म्हणूनच मला तोच आठवडा आठवतो. ग्रेनाडाच्या दोन दिवस आधी, २३ ऑक्टोबर १९८३ला, बैरुतमध्ये मरीनच्या बराकीवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. २४१ अमेरिकी सैनिक मेले, त्यांतले २२० मरीन. ग्रेनाडात उतरलेले मरीनही मुळात लेबनॉनलाच निघाले होते. बैरुतमधल्या मरीनना हायवेसारखा सार्जंट नव्हता म्हणून ते मेले का? पहाऱ्यावरच्यांच्या बंदुका वरच्या नियमांमुळे भरलेल्याही नव्हत्या. त्यांना तिथे का ठेवलं, कशासाठी ठेवलं, हे वॉशिंग्टनमध्ये ठरलं होतं. चांगला उस्ताद पोराला लढायला तयार करतो, पण कुठल्या लढाईत पाठवायचं ते तो ठरवत नाही. असे चित्रपट प्रेक्षकाला सार्जंटच्या प्रेमात पाडतात आणि पाठवणाऱ्याला जाब विचारायचं राहून जातं.

मामा : जाब विचारा की. तो नागरिकांनीच विचारायचा, शिपायाने नाही. पण जाब मिळेपर्यंत पोराला जिवंत ठेवायचं काम कुणाचं? हायवेचंच ना? वरचा निर्णय चुकला तर कच्चा शिपाई आधी मरतो. म्हणून निर्णय चुकीचा असण्याची शक्यता जितकी जास्त, तितकं ट्रेनिंग पक्कं हवं.

मी : आणि पक्कं झालेलं पोर नंतर समाजात परत येतं, तेव्हा? नाना पाटेकरांचा ‘प्रहार’ आठवा, १९९१चा. त्यातली मेजर चौहानची भूमिका करायच्या आधी ते मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर ट्रेनिंग करून आले होते. चौहान पीटर नावाच्या पोराला कमांडो म्हणून घडवतो. ओलीस सोडवताना पीटर पाय गमावतो, घरी परततो आणि खंडणी द्यायला नकार दिला म्हणून मुंबईत गुंडांच्या हातून मरतो. मोहल्ला गप्प बसतो. चौहानला प्रश्न पडतो की मी हे पोर कुणासाठी घडवलं? हायवेला हा प्रश्न पडत नाही. त्याचा चित्रपट बॅण्ड, झेंडे आणि परत भेटलेली बायको यांवर संपतो.

मामा : चौहानचं उत्तर मला पटत नाही. कायदा हातात घेतो तो. पण प्रश्न खरा आहे. आपण घडवलेलं पोर पुढे कुठे गेलं, हे उस्तादाने विचारत राहावं.

मी : मग आपण कुठे आलो मामा? माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगते. कडकपणाला कारण असावं आणि ते आज ना उद्या पोराला कळावं. चुकलेल्याला गटाबाहेर काढून शिक्षा देऊ नये. आणि उस्तादावर कुणाची तरी नजर असावी, आणि ती नजर ठेवणाऱ्याला चित्रपटाने विदूषक करू नये. या तीन गोष्टी असतील, तर तुम्ही म्हणाल तितकं कडक व्हा. नसतील, तर मला हायवेत आणि मॅक्किऑनमध्ये फक्त नशिबाचा फरक दिसतो.

मामा : तिन्ही मान्य. पण तुझ्या यादीत एक कलम कमी आहे, आणि शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी ते सर्वांत अवघड आहे. कच्चं पोर पास करायचं नाही. ट्रेनिंग संपताना होणाऱ्या कसम परेडच्या आधी उस्तादाला सांगावं लागतं की हा तयार आहे, हा नाही. नसेल तर रेलिगेट करायचा, मागच्या तुकडीत टाकायचा. पोरगं रडतं. परेडला यायला निघालेल्या आई-बापांना कळवावं लागतं. वरून विचारणा होते की तुझ्या प्लाटूनचा निकाल असा का? सगळ्यांना खूश ठेवायचं असेल तर होकार भरून मोकळं व्हावं. हार्टमन तेच करतो. पाइल रायफलशी एकटा बोलत बसतो, नजर मेलेली, पण नेम चांगला बसतो ना, मग पास. पाइलला दिलेल्या शिव्यांपेक्षा तो होकार मला मोठा गुन्हा वाटतो. हायवेच्या आधीच्या सार्जंटनेही तेच केलं होतं, फक्त गोड बोलून. त्या प्लाटूनला कुणी शिवी दिली नव्हती, कुणी पळवलं नव्हतं, आणि ती लढाईत गेली असती तर पहिल्या तासात संपली असती.

मी : म्हणजे मऊ वागणाऱ्याचाही हिशेब मांडायचा.

मामा : मांडायचाच. कडक माणसाच्या चुका लगेच दिसतात, खटला भरला जातो. पोरं नाराज होतील म्हणून ज्याने त्यांना कच्चं ठेवलं, त्याच्यावर खटला भरला जात नाही. त्याच्या चुका तो निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या अंगावर येतात.

मी : हे चौथं कलम मी माझ्या यादीत घेते, आणि शाळेपुरतंही घेते. तरी एक गोष्ट सोडणार नाही. अपमान. तुम्ही बाटलीसाठी पोरं पळवलीत, पण पोराच्या आई-बापावरून, जातीवरून, दिसण्यावरून बोललात का?

मामा : नाही. काही उस्ताद बोलायचे. त्यांची पोरं त्यांच्यासमोर ताठ असायची आणि पाठ वळली की सैल.

मी : मग तुमच्याच मापाने हायवेच्या शिव्या नापास होतात. पोरं घडली ती सरावाने, एके-४७ च्या आवाजाने, अपॉन्टेच्या घरी केलेल्या मदतीने आणि ठरलेली हार नाकारल्यामुळे. शिव्या काढून टाकल्या तरी ही प्लाटून उभी राहिली असती.

मामा : राहिली असती. पण मग चित्रपट बघायला इतके लोक आले नसते.

मी : ती चित्रपट काढणाऱ्याची अडचण, उस्तादाची नव्हे. आज हा चित्रपट बघून जो तरुण शिक्षक, प्रशिक्षक किंवा हवालदार ठरवेल की मलाही असंच व्हायचंय, त्याने हायवेच्या तोंडाची नक्कल करू नये. त्याने सरावाचा तो दिवस उचलावा, ज्या दिवशी हायवेने आपल्या पोरांना लिहून ठेवलेल्या पराभवाकडे जाऊ दिलं नाही.

मामा : आणि तुझ्या वर्गातल्या पोरांना तू तो चित्रपट दाखवशील तेव्हा रिबन क्रीकही सांग. आधी चित्रपट, मग ती सहा पोरं. दोन्ही कळल्याशिवाय कुणाच्या हाती दुसऱ्याचं पोर देऊ नये.